माशांच्या शर्टाचा खिसा

“खिसा नाहीये, मास्तर. नसलेला खिसा तुम्हाला दिसतो कसा, हे एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. मी दातांचा.”

“आहे हो. त्या पामच्या झाडाच्या बुंध्याला धरून खाली या.”

“आलो.”

“आता थांबा.”

“थांबलो. कुठंय खिसा?”

“तुम्ही खिशावरच उभे आहात.”

दातवाल्या डॉक्टरांनी भिंग डोळ्यापासून लांब केलं आणि मास्तरांकडे पाहिलं. खुर्चीत आ वासून बसलेला पेशंट ‘दुखत नाही’ म्हणाला की ते असंच बघत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिकीट मंडळाची रविवारची बैठक चालली होती. बाकीचे सभासद चहा कधी येतो याकडे लक्ष ठेवून होते. टेबलावर अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं, अदलाबदलीला आलेलं एक कोरं पोस्टाचं तिकीट होतं आणि त्या तिकिटावर एक शर्ट होता.

शर्ट हवाई बेटांवरचा. लाल कापडावर हिरवी पामची झाडं, झाडांमागे पिवळाधमक समुद्र. समुद्र पिवळा का, याचा खुलासा तिकीट काढणाऱ्या देशानं केलेला नव्हता. अशा पाच शर्टांचा संच निघाला होता. एकावर पामची झाडं, एकावर लाटेवर उभी राहिलेली माणसं, एकावर मोठाली फुलं, एकावर पेटलेला डोंगर आणि एकावर मासे. शर्टांच्या आत माणूस नव्हता. त्यामुळे असेल, पण शर्ट फार खुशीत दिसत.

मास्तर शाळेतले नव्हेत. ते गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. पहारेकरी, ड्रायव्हर, दवाखान्यातले मदतनीस, गोदामातले हमाल, सगळ्यांचे शर्ट त्यांच्या हातून कापले गेलेले. टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि उभं पातं फिरवून एका दमात शंभर डाव्या बाह्या कापायच्या. मग शंभर उजव्या. कापड करडं असायचं. कधी खाकी. कारखान्याचे साहेब फारच रंगात आले तर गडद करडं.

हा माणूस तिकिटांच्या नादी लागला तो एका पार्सलमुळे. परदेशातून बटणांचे नमुने आले होते. साहेबांनी सगळी बटणं नापसंत केली, कारण ती चांगली होती. पार्सलचं वेष्टण कचऱ्यात जायच्या वाटेवर होतं, तेवढ्यात मास्तरांनी त्यावरचा लाल शर्ट पाहिला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. शर्टाला खिसा होता आणि तो दिसत नव्हता. म्हणजे कापणाऱ्यानं खिशाचा तुकडा कापडाच्या नेमक्या अशा जागेवरून काढला होता, की छातीवर अर्धं राहिलेलं पान खिशावर पुरं होत होतं. याला खिसा जुळवणं म्हणतात. त्यात कापड वाया जातं, वेळ जातो आणि घालणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणजे कलेची सगळी लक्षणं त्यात आहेत.

सबंध नोकरीत मास्तरांनी एकही खिसा जुळवलेला नव्हता. करड्याला करडा कुठूनही जुळतो. त्यात कर्तबगारी ती काय?

त्या दिवसापासून ते तिकीट मंडळाचे सभासद झाले. मंडळात कुणी पक्षी जमवी, कुणी आगगाड्या, कुणी राजे. मास्तरांनी सांगितलं, “मी हवाई शर्ट.” अध्यक्ष दातवाले डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, “आणि ते पाच झाल्यावर?”

“पाच झाले की झाले.”

इतकी छोटी महत्त्वाकांक्षा घेऊन मंडळात येणारा माणूस अध्यक्षांनी आधी पाहिलेला नव्हता. त्यांनी जरा संशयानंच त्यांना सभासद करून घेतलं.

चार शर्ट झाले. मासे राहिले होते. आणि मास्तरांची नोकरी संपत आली होती.

*

त्या रविवारी अदलाबदलीच्या डब्यात हात घालून मास्तर सवयीनं तिकिटं चाळत होते. या डब्यात ज्याला जे नको ते टाकायचं, हवं ते उचलायचं. डब्यात मुख्यतः राजेच निघत. दोनचार राजे बाजूला सारले आणि तपकिरी पाकिटाचा एक वेडावाकडा फाडलेला तुकडा वर आला.

“सापडला!”

पुढच्या खोलीतल्या ग्रंथपालबाईंनी शांततेची पाटी टेबलावर ठोकली. मास्तरांना ऐकू गेलं नाही. कागदाच्या तुकड्यावर तिकीट होतं, तिकिटावर शर्ट होता आणि शर्टभर मासे होते. नारिंगी, हिरवे, एक तर पट्ट्यापट्ट्यांचा.

आता खरं तर आधी भिंग घ्यायचं. कुणीही तिकीटवाला तेच करील. पण हा तिकीटवाला कापणारा होता. कापणाऱ्याला वाकडातिकडा काठ बघवत नाही. हल्लीची चिकट तिकिटं पाण्यात भिजवून सुटत नाहीत, ती आजूबाजूचा कागद कापून तशीच ठेवतात, हे मंडळानं त्यांना शिकवलेलंच होतं. त्यांनी खिशातली छोटी कात्री काढली आणि चारी बाजूंनी तिकिटाच्या दात्यांना लागून अशी सफाईनं फिरवली, की आगगाड्यांवाले सभासदसुद्धा “वा” म्हणाले. कातरण त्यांनी ओंजळीत गोळा करून टोपलीत टाकलं. त्या कातरणात काय गेलं ते कुणी पाहिलं नाही. कातरण बघायची पद्धतच नसते.

मग त्यांनी भिंग लावलं.

“डॉक्टर, याच्यावर शिक्काच नाही! पोस्टवाल्याचा नेम चुकला. पाकिटावरून आलंय, पण कोरं आहे!”

“पाकिटावरून आलंय ना? मग ते वापरलेलं,” डॉक्टर मान न वळवता म्हणाले. “वापरलेलं तिकीट मी बघत नाही. दुसऱ्याचा टूथब्रश आणि शिक्क्याचं तिकीट, दोन्ही एकच.”

“एकदा बघा तरी. माशांवरनं लाटा गेल्यात हो. जांभळ्या. अगदी बारीक. खांद्यापासून निघाल्यात त्या पार खाली पोटापर्यंत. आणि खांद्यावर चंद्र आहे.”

“दातांना लावायच्या मंजनावरही चंद्र असतो. बसा आता, चहा आला.”

मास्तरांनी चहा घेतला नाही. लोण्याच्या रंगाचं कापड, त्यावर मासे, माशांवरून सलग गेलेल्या पाचसहा नागमोडी रेघा. एकेक रेघ खिशात शिरते, खिशातून बाहेर येते, बटणपट्टी ओलांडते, पलीकडे जाते आणि कुठंही तुटत नाही. पाचही शर्टांत असं जुळवलेलं काम दुसरं नव्हतं. ते कुणी केलं असेल? कसल्या टेबलावर? त्याच्या साहेबानं त्याला इतका वेळ दिलाच कसा?

आणि तिथं, त्या खोलीत, त्यांच्या मनात आलं की नोकरीतून जाण्याआधी असा एक शर्ट आपल्या हातून झाला पाहिजे.

*

“घालणार कोण?” बायकोनं विचारलं.

मुलगी छपाईच्या दुकानात कामाला होती. फलक, पडदे, दुकानांच्या पाट्या, कापड, सगळं तिथं मशीनवर छापून मिळे. तिकीट मोठं करून त्याची नक्षी कापडावर उतरवायचं तिनं कबूल केलं होतं. तिकीट स्वैपाकघरातल्या टेबलावर मध्यभागी होतं आणि त्याच्याभोवती तिघं बसली होती.

“कापणार कोण ते बाबा, शिवणार कोण ते कारखान्यातल्या मावशी,” मुलगी म्हणाली. “घालणार कोण ते मलाही कळलं नाही.”

मास्तर बशीकडे बघत म्हणाले, “मी.”

बायको एवढी हसली की तिला हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. “अहो, तुम्ही? लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं, मुलगा कापडाच्या धंद्यात आहे. मला वाटलं, घरात जरा रंग येईल. कपाट उघडलं तर काय, आतमध्ये नऊ पहारेकरी उभे!”

“ते कारखान्याचे नमुने होते.”

“नमुने आणि तुम्ही वेगळे ओळखू यायला मला वर्ष लागलं.” तिनं डोळे पुसले. मग नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू एकाएकी आवरलं. “पोट झाकेल ना?”

“पोटावरच तर खरी भरती आहे.”

“कसली?”

“अगं, खांद्यावर चंद्र आहे. चंद्रामुळे भरती येते. म्हणून लाटा वर बारीक आणि खाली येईतो मोठ्या होत जातात. काढणारा साधा माणूस नव्हता तो.”

मुलगी तिकीट डोळ्याजवळ नेऊन बघत होती. “बाबा, चंद्र अर्धाच आहे. आणि त्याच्या आत काहीतरी ठिपके, काड्या आहेत.”

“चांदण्या.”

“चंद्राच्या आत?”

“शाळेत काय शिकलीस गं तू?”

“चंद्राच्या आत चांदण्या नसतात, हे शिकले,” मुलगी म्हणाली. पण बाप ज्या नजरेनं त्या तिकिटाकडे बघत होता त्या नजरेनं त्यानं अलीकडे कशाकडे बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. “ठीक आहे. चांदण्या.”

तिनं चांदण्या नुसत्या ठेवल्या नाहीत, दुकानातल्या संगणकावर त्या अधिक ठसठशीत केल्या. लाटा पुसट होत्या, त्यांना गडद जांभळा रंग भरला. रेघा काही ठिकाणी तुटल्या होत्या, त्या जोडल्या. प्रेमानं केलेलं काम असंच असतं. त्यात चूक शिल्लक राहत नाही, ती पुरी होते.

*

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मास्तर साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, जेवणाच्या सुट्टीत टेबल पाहिजे होतं.”

“आज? आज तुमचा समारंभ आहे, मास्तर. कशाला?”

“एक शर्ट कापायचाय.”

“एक?” साहेब म्हणाले. शर्टांच्या संदर्भात हा आकडा त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. “एकाला काय परवडतं?”

“माझा आहे.”

“बरं, बरं. पण पातं लावू नका, वीज उगाच.”

पातं लावायचंच नव्हतं. सुट्टी झाली आणि मास्तरांनी लांबलचक टेबल ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मग त्यावर कापड पसरलं. त्या टेबलावर तोवर जेवढे रंग आले होते ते सगळे मिळूनही त्यातल्या एका माशाइतके भरले नसते. डबे उघडून बसलेल्या बाया डबे मिटून उठल्या. काजं करणारी, कॉलरवाली, घड्या घालणारी, सगळ्या टेबलाभोवती गोळा झाल्या.

“अगं बाई, हे कुठल्या दवाखान्याचं?”

“दवाखान्याचं नाही, मास्तरांचं आहे.”

“मास्तर, तुम्ही पळून जाणार काय कुठं?”

शिवणविभागातल्या मावशी सगळ्यांत जुन्या. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “एकच थर? मास्तर, चुकलात तर खाली दुसरा नाही.”

“तेच तर,” मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “मावशी, तेच तर!”

त्यांनी मोठी कात्री घेतली. आधी पाठ कापली, मग डावी बाजू, उजवी बाजू. पाती कापडातून जाताना कर्र कर्र आवाज येत होता आणि त्या आवाजाबरोबर ते बोलत होते. नेहमी हूं आणि नाही यापलीकडे न जाणारा माणूस चंद्र, भरती, लाटा, हवाई बेटं, सगळं सांगत सुटला. बाया ऐकत होत्या. चंद्र खांद्यावर का आणि भरती पोटावर का, हे त्या दिवशी त्या कारखान्यात प्रत्येकीला नीट समजलं.

मग खिसा. खिशाचा कागदी साचा त्यांनी उरलेल्या कापडावर ठेवला. सरकवला. केसभर मागे घेतला. पट्ट्यापट्ट्यांच्या माशाचं धड छातीवर होतं आणि डोकं खिशावर यायला हवं होतं. शिवाय त्याच माशावरून जाणाऱ्या तीन लाटा. शिवणीत किती कापड आत जाईल तेवढं सोडायचं, मावशींच्या मशीनचा पाय कापड किती ओढतो तेही धरायचं. खडूची रेघ त्यांनी पुसली, पुन्हा मारली. कुणी बोलेना. काजंवालीनं घास तोंडातच धरून ठेवला होता.

“हात कापतोय का, मास्तर?” मावशी हळूच म्हणाल्या.

“कापतोय.”

“मग कापा. दोघं मिळून कापाल.”

त्यांनी कात्री चालवली.

कॉलर, काजं, बटणं ज्यांची ती त्यांनी वाटून घेतली आणि सुट्टी संपायच्या भोंग्याला मावशींनी मशीनवर शेवटचा टाका मारून धागा दातानं तोडला आणि शर्ट झटकून उभा धरला. “घ्या तुमचा समुद्र.”

मास्तरांनी अंगावरचा करडा डगला काढून खुंटीला लावला आणि तो शर्ट घातला. बायांचा गलका झाला.

“खिसा लावलाच नाही की मावशींनी!”

“लावलाय.”

“कुठंय मग?”

“शोधा.”

कॉलरवालीनं शोधला. घड्या घालणारीनं शोधला. मावशी, ज्यांनी तो स्वतः शिवला होता, त्यांनीही शोधला आणि त्यांचं बोट दुसऱ्याच माशावर जाऊन बसलं. मास्तर “अहो, गुदगुल्या होतात” म्हणत मागे सरकत टेबलाला जाऊन टेकले. साहेब आवाज ऐकून बाहेर आले आणि चुकून हसले.

संध्याकाळी समारंभात साहेबांनी भाषण केलं. मास्तरांच्या कापण्यात कधी फरक पडला नाही, पहिला शर्ट आणि शेवटचा शर्ट अगदी सारखा, असं ते म्हणाले. त्यांना ती स्तुती वाटत होती. मग कारखान्यातर्फे भेट म्हणून रंगीत कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. कागद फार सुरेख होता. आत करडा शर्ट होता.

“तुमच्याच हातचा आहे,” साहेब म्हणाले.

*

रविवारी तिकीट मंडळाचं वार्षिक प्रदर्शन वाचनालयाच्या मोठ्या दालनात होतं. निघताना बायकोनं पिशवीत काहीतरी कोंबलेलं मास्तरांनी पाहिलं.

“काय घेतलंस?”

“तो करडा. लोक हसले तर.”

“लोक हसणार नाहीत.”

“मग नाही लागणार. नाही लागणार म्हणूनच घेतलाय. छत्री घेतली की ऊन पडतं, तसं.”

रस्त्यानं जाताना मास्तर भिंतीच्या बाजूनं चालायचे ते त्या दिवशी मधून चालले. समोरून येणारा एक पहारेकरी त्यांच्याकडे बघून थबकला. त्याच्या अंगावरचा शर्ट कुणी कापलाय हे मास्तरांना लांबूनच कळलं. त्यांनी त्याला मान लववली. त्यानंही लववली, का ते न कळता.

दालनात भिंतीलगत काचेच्या चौकटी लावल्या होत्या. प्रत्येकानं आपापल्या चौकटीशेजारी उभं राहायचं. मास्तरांच्या चौकटीत पाच तिकिटं होती आणि प्रत्येकाखाली त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं. पाचव्याखाली ‘मासे, लाटा व चंद्र’. आणि शेजारी, साक्षात, मासे, लाटा व चंद्र. लोक आधी काचेत बघत, मग मास्तरांकडे, मग पुन्हा काचेत, आणि टाळ्या वाजवत. राजेवाले सभासद तर आपला राजा सोडून तिथंच येऊन उभे राहिले. मास्तर दर माणसाला भरतीचं समजावून सांगत होते. आवाज बसला तरी सांगत होते. मुलगी बाजूला उभी राहून अभिमानानं लाल झाली होती.

एवढ्यात दातवाले डॉक्टर गर्दीतून आले आणि मास्तरांचा दंड धरून म्हणाले, “तुमचं नंतर. आधी माझ्याकडे चला. मुद्दाम मागवलेत. कुणाला बोललो नव्हतो.”

त्यांच्या चौकटीत सगळ्यांत वर, मखमलीवर, हवाई शर्टांचा पुरा संच होता. पाचही कोरे. बोटसुद्धा न लागलेले.

“बघा, बघा. तुमच्यासाठीच म्हणा ना. खिसा शोधायला.”

मास्तरांनी भिंग लावलं. पाम, लाटेवरची माणसं, फुलं, डोंगर. मग मासे.

नारिंगी मासा होता. हिरवा होता. पट्ट्यापट्ट्यांचा होता. लोण्याच्या रंगाचं कापड होतं. त्यावर दुसरं काही नव्हतं.

ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. बायको मागून आली. “काय हो, काय झालं?”

“चंद्र नाहीये.”

“दिवसाढवळ्या कुठून असणार?”

“लाटा पण नाहीत.”

डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं. मास्तरांच्या शर्टाकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे. एक्स-रे आणि पेशंट यांचा मेळ घालावा तसं त्यांनी दोनतीनदा केलं आणि मग त्यांचा स्वतःचाच आ वासला गेला. “मास्तर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “हा चंद्र नाही. ह्या चांदण्या नाहीत, ही तारीख आहे. अर्धी. तुमच्या अंगावर शिक्का आहे.”

मुलीनं तोंडावर हात नेला. ठिपके ठसठशीत करणारी तीच होती. आजूबाजूचे चारपाच सभासद सगळे तिकीटवाले, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शिक्का त्यांनी जन्मभर पाहिला होता. तो माणसाच्या पोटावर एवढा मोठा झाल्यामुळे ओळखू आला नव्हता, एवढंच. कुणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्यावर नेलं.

बायकोनं पिशवीत हात घातला.

मास्तरांना कारखान्यातल्या बाया आठवल्या, भरतीचं ऐकताना घास तोंडात धरून उभ्या राहिलेल्या. ज्या नजरेवर सबंध आयुष्य काढलं तिच्या वाट्याला पहिल्यांदा रंग आला, तर त्या नजरेनं हे केलं. टोपलीत टाकलेलं ते कातरण आठवलं. उरलेला अर्धा चंद्र त्यात होता. त्यांचा हात गळ्याशी गेला. त्यांनी वरचं बटण काढलं. दुसरं काढायला खाली बघावं लागतं.

खाली बघितलं आणि हात तिथंच राहिला.

जांभळी रेघ खांद्यावरून येत होती. ती खिशात शिरली. खिशातून निघाली, बटणपट्टीवर चढली, पलीकडे उतरली, शिवणीतून बाहीकडे गेली. कुठं तुटली नव्हती. कुठं केसभर वर नव्हती, खाली नव्हती.

“डॉक्टर,” मास्तर म्हणाले. त्यांचा बसलेला आवाज एकदम चढला. “भिंग धरा. धरा हो! इथं बघा. माझा खिसा शोधा.”

“मास्तर, जाऊ द्या आता.”

“शोधा!”

डॉक्टर वाकले. मास्तरांच्या छातीवर भिंग फिरवत ते वर गेले, खाली आले, एका माशाच्या पोटावर बराच वेळ थांबले. ज्या सभासदाला खोकला आला होता तोही जवळ येऊन मान वाकडी करून बघू लागला.

“खिसा नाहीये,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही खिशावरच उभे आहात.”

मास्तरांनी दोन बोटं माशाच्या आत घातली आणि चपटा, झिजलेला खडू बाहेर काढला. कारखान्यातून निघताना तो चुकून खिशात राहिला होता. निदान ते तसं म्हणत.

“अहो, पोस्टातल्या कुणीतरी सपाट पाकिटावर एका फटक्यात मारलेला शिक्का! तो मी एवढ्या तुकड्यांत कापला आणि परत एकसंध केला. त्याच्या शिक्क्याला शिवण लागली, पण दिसते का? दाखवा कुठं दिसते! शिक्का असा जुळवून कुणी शर्ट कापलाय आजपर्यंत? कोण कापील?”

“कोण कापील,” डॉक्टर म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मास्तरांनी वरचं बटण पुन्हा लावलं. पिशवीतून अर्धा बाहेर आलेला करडा शर्ट बायकोच्या हातात तसाच राहिला.

“बाबा, खालचं लिहिलेलं खोडू का?” मुलीनं विचारलं. “मासे, लाटा व चंद्र?”

“राहू दे. विचारतील त्यांना खरं सांगेन. ते तर जास्तच लांबेल.”

आणि ते आपल्या चौकटीशेजारी जाऊन उभे राहिले. बातमी दालनभर झाली होती. आधी बघून गेलेले लोक आता पुन्हा बघायला आले, आणि या खेपेला जास्त जवळून. राजेवाले आले. ग्रंथपालबाई शांततेची पाटी हातात घेऊनच आल्या. मास्तर सगळ्यांना पहिल्यापासून सांगत होते. कात्री, कातरण, चंद्र, भरती. सांगताना तेच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते आणि मग छातीवरचं बोट एकदम थांबवून “आता खिसा शोधा” म्हणत होते. शेवटी दातवाले डॉक्टरही आले. गर्दीत आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले आणि मग भिंग घेऊन मास्तरांच्या पाचव्या तिकिटावर वाकले. वापरलेल्या तिकिटाकडे बघताना मंडळानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली.

“दिसत नाहीये,” ते म्हणाले.

काचेवर सकाळपासून कितीतरी नाकं टेकली होती, बोटं उमटली होती. मास्तरांच्या बायकोनं हातातला करडा शर्ट एकदा झटकला, त्याची बाही मुठीत धरली आणि काच पुसायला लागली.

“अगं,” मास्तर बोलता बोलता थांबले, “कोरा आहे तो.”

“मऊ आहे,” ती म्हणाली. “काच छान निघतेय.”

त्या शर्टाची बाही कुठल्या थरातली, हे त्यांना बहुधा सांगता आलं असतं. ते ती वर-खाली होणारी बाही क्षणभर बघत राहिले. काच लख्ख झाली. मग ते समोर उभ्या असलेल्या पुढच्या माणसाकडे वळले.

“हं,” ते म्हणाले, “तुम्ही शोधा.”